डिस्चार्ज कार्डावर 'अॅड्रेनर्जिक' लिहिलंय, म्हणजे अॅलर्जीच ना? (भाच्याला विंचू चावला होता)

सुपारीची_वाडी:

नमस्कार मंडळी, थोडं लांबेल पण सगळं नीट सांगतो म्हणजे तुम्हाला पण उत्तर द्यायला सोपं जाईल. माझा भाचा, वय ९, मे महिन्यात आजोळी म्हणजे आमच्या गावी आलेला, दापोलीच्या बाजूला. पावसाआधी लाकडं आत घ्यायची गडबड चालू होती, पोरगं पण हौसेने दोन दोन लाकडं उचलून पडवीत आणत होतं आणि तेवढ्यात उजव्या अंगठ्याला चावला. संध्याकाळचे साडेपाच. विंचू सापडला, बोटाएवढा, तांबूस, पुढच्या नांग्या बारीक. आई म्हणाली तांबडा आहे लहान, काळी इंगळी असती तर घाबरायचं होतं, आणि आम्ही सगळे जरा निवांत झालो. हे निवांत होणं मला आता झोपू देत नाही.

अर्ध्या तासात कळ कमी झाली पण घाम सुटला, साधा घाम नाही, बनियन पिळावी इतका. दोन उलट्या झाल्या, तोंडातून लाळ. हातपाय माठात बुडवून काढल्यासारखे गार. जवळच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं, तिथे अॅलर्जीचं म्हणून इंजेक्शन दिलं आणि काही नाही होत म्हणून घरी पाठवलं. नऊच्या सुमारास पोराला धाप लागली, उताणं झोपवत नव्हतं, खोकला सुरू झाला, मग रिक्षाने तालुक्याला सरकारी दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरांनी हाताला हात लावला, नाडी बघितली आणि म्हणाले लाल विंचू ना, आणि एक छोटी गोळी दिली, मग दर तीन तासांनी परत. ऑक्सिजन लावला. रात्रभर सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन हातपाय चाचपून बघत होत्या. बहिणीने पोराला मांडीवर घेतलं तर सिस्टर जोरात ओरडल्या, ताई खाली ठेवा त्याला, उचलायचं नाही. बहीण रडली बिचारी. तिसऱ्या दिवशी सोडलं. आता पोरगं ठणठणीत आहे.

आता प्रश्न. कार्डावर लिहिलंय 'स्कॉर्पिअन स्टिंग विथ अॅड्रेनर्जिक स्टॉर्म'. भावोजींनी ते अॅलर्जिक असं वाचलं की ऐकलं काय माहीत, पण आता सगळीकडे सांगत सुटलेत की ह्याला विंचवाची अॅलर्जी आहे, शाळेच्या फॉर्मवर पण तेच लिहून दिलंय. एक ओळखीचा कंपाउंडर आहे तो म्हणतो अॅलर्जी असेल तर अॅड्रेनलीनचं इंजेक्शन घरी ठेवा, परत चावला तर लगेच मारता येईल. आणि मेडिकलवाल्याला ती गोळी दाखवली, प्राझोसिन, तर तो म्हणाला ही ब्लडप्रेशरची आणि प्रोस्टेटची, अल्फा अॅड्रेनर्जिक ब्लॉकर. म्हणजे अॅड्रेनलीन थांबवायची गोळी. मग एकीकडे अॅड्रेनलीन द्या म्हणतात आणि दुसरीकडे अॅड्रेनलीन बंद करायची गोळी देतात, आणि तीच गोळी बाबांच्या लघवीच्या त्रासाच्या गोळीची बहीण निघते. ९ वर्षाच्या पोराला का दिली? नक्की हा शब्द म्हणजे काय, कोणी नीट मराठीत सांगेल का?


औषधवाली:

दादा, पहिलं म्हणजे पोरगं वाचलं हे फार बरं झालं, वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. मी फार्मसिस्ट आहे, बावीस वर्षं काउंटरला, तर शब्दाचं मी सांगते, विंचवाचं कोणीतरी डॉक्टर सांगतील.

अॅड्रेनर्जिक आणि अॅलर्जिक हे दोन वेगळे शब्द आहेत, पण भावोजींची चूक अगदीच उगाच नाही कारण दोघांची शेपटी एकच आहे. ग्रीक 'एर्गॉन' म्हणजे काम. अॅलर्जी हा शब्द व्हिएन्नाच्या फॉन पिर्के नावाच्या डॉक्टरने १९०६ ला बनवला, 'अॅलॉस' म्हणजे वेगळं, तर शरीराचं वेगळंच वागणं. आणि अॅड्रेनर्जिक हा शब्द इंग्लंडच्या हेन्री डेलने १९३३ ला काढला, अर्थ एवढाच की जी नस अॅड्रेनलीनसारख्या रसायनातून काम करते ती अॅड्रेनर्जिक. दुसऱ्या प्रकारच्या नसा अॅसिटिलकोलीनमधून काम करतात त्यांना त्याने कोलिनर्जिक म्हटलं. म्हणजे हे नुसतं वर्णन आहे, रोगाचं नाव नाही.

आणि अॅड्रेनल म्हणजे काय तर 'अॅड' शेजारी, 'रेन' मूत्रपिंड. मूत्रपिंडावर टोपीसारखी ग्रंथी असते तिचं नाव. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, वृक्क म्हणजे मूत्रपिंड, तोच अर्थ. तिथून अॅड्रेनलीन रक्तात सुटतं आणि नसांच्या टोकाशी त्याचा सख्खा भाऊ नॉरअॅड्रेनलीन काम करतो.

आता बाबांची गोळी आणि पोराची गोळी एका घरातली कशी. अॅड्रेनलीन स्वतः काही करत नाही, ते पेशीवरच्या कुलपात जाऊन बसतं आणि काय होणार ते कुलूप ठरवतं. अमेरिकेत आल्क्विस्ट म्हणून होते, त्यांनी १९४८ ला सांगितलं की कुलपं दोन जातीची आहेत, त्यांनी नावं दिली अल्फा आणि बीटा. तेव्हा फारसं कोणी मनावर घेतलं नाही त्यांचं, आणि आज माझ्या काउंटरच्या मागची निम्मी फळी त्या दोन अक्षरांवर उभी आहे. दम्याचा सालब्युटामॉलचा पंप म्हणजे श्वासनळीतलं बीटा कुलूप उघडायचं. मेटोप्रोलॉल, अॅटेनोलॉल म्हणजे हृदयातलं बीटा कुलूप बंद करायचं. चोंदलेल्या नाकाचे थेंब असतात ना ऑक्सिमेटाझोलिनचे, ते नाकातल्या रक्तवाहिन्यांचं अल्फा उघडतात, वाहिनी आकसते, नाक मोकळं होतं. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब म्हणजे परत बीटा बंद. आणि बाबांची टॅम्सुलोसिन असणार, ती मूत्राशयाच्या तोंडाशी असलेलं अल्फा बंद करते, स्नायू सैल होतो, लघवी सुटते. प्राझोसिन तेच अल्फा बंद करते पण सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्यांचं. म्हणून जुनी बीपीची गोळी.

जाता जाता, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिन चालू आहे हे आधी सांगा. बुबुळात पण तेच अल्फा असतं, ऑपरेशनच्या वेळी बाहुली लहान होते नि बुबुळ लुळं पडतं. लोक सांगतच नाहीत, म्हणतात लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काय संबंध.


भूलवाला_डॉक्टर:

ताईंनी शब्द फार छान सोडवला. मी भूलतज्ज्ञ आहे, पण एमबीबीएस झाल्यावर बाँडची नोकरी रायगड जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात केली त्यामुळे लाल विंचू हा माझा जुना आणि वाईट ओळखीचा आहे. सविस्तर लिहितो कारण ह्यात गैरसमजाने जीव जातो.

सुपारीची_वाडी, तुमच्या भाच्याला अॅलर्जी नाही. अॅलर्जी म्हणजे शरीर एखाद्या गोष्टीला ओळखून तिच्यावर नको इतकं तुटून पडतं, ती एकाला होते, दुसऱ्याला नाही. लाल विंचवाचं विष तसं नाही, ते विषच आहे, पुरेसं गेलं तर कोणालाही होणार. तुमचं मूल काही वेगळं नाही. शाळेच्या फॉर्मवरून ते काढून टाका, का ते पुढे सांगतो.

विष काय करतं बघा. नसेमध्ये सोडियमचे बारीक दरवाजे असतात, संदेश जाताना क्षणभर उघडतात आणि बंद होतात. विष त्या दरवाजाला पाचर मारतं, तो नीट बंदच होत नाही. मग नस एकदा वाजायच्या जागी वाजतच राहते. आधी कोलिनर्जिक नसांचा जोर दिसतो, घाम, लाळ, उलट्या. मग अॅड्रेनर्जिक नसा सुटतात आणि अधिवृक्क ग्रंथीतून पण अॅड्रेनलीन ओतलं जातं, ह्यालाच स्टॉर्म म्हणजे वादळ म्हटलंय कार्डावर. हातापायाच्या रक्तवाहिन्या आवळून बसतात म्हणून पोरगं गारठतं. ते गार हात म्हणजे अल्फा, तुम्ही माठाचं लिहिलंत ना तेच. आवळलेल्या नळ्यांमधून रक्त ढकलताना बीपी चढतं, हृदय छाती फोडून धावतं, शेवटी दमतं आणि फुफ्फुसात पाणी साचायला लागतं. नऊ वाजता जी धाप लागली, उताणं झोपवेना, ती ही. (घामाची एक गंमत आहे, घामाच्या ग्रंथींना येणाऱ्या नसा सिंपॅथेटिकच, म्हणजे धोक्याच्या वेळी अंगाला तयार करणाऱ्या, असतात पण त्या अॅसिटिलकोलीन वापरतात, म्हणजे त्या कोलिनर्जिक. त्यामुळे सिंपॅथेटिक म्हणजे अॅड्रेनर्जिक असं सरसकट समीकरण मांडता येत नाही, आम्हाला पहिल्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला हमखास विचारायचे.)

आता गोळी. वादळ अल्फातून येतंय तर अल्फालाच कुलूप लावायचं, वाहिन्या मोकळ्या होतात, हृदयावरचं ओझं उतरतं, फुफ्फुसातलं पाणी ओसरतं. ही कल्पना आज साधी वाटते पण ही आपल्या महाडची आहे आणि मला हे लिहिताना अजूनही भरून येतं. डॉ. हिम्मतराव बावस्कर, मूळ जालना जिल्ह्यातले, १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा लाल विंचू चावून अंगात विष भिनलेल्या रुग्णांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास दगावायचे, बरेचसे लहान मुलं, आणि पुस्तकात ह्यावर धड काही नव्हतं. ते रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसले आणि कधी काय होतं ते टिपत गेले. उलटी, घाम, गार हातपाय ही पुढच्या हृदयाच्या धोक्याची आधीची सूचना आहे हे त्यांनी १९८२ ला लॅन्सेट ह्या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात लिहिलं, आणि १९८६ ला त्याच साप्ताहिकात प्राझोसिनचा अनुभव छापला. मृत्यू १ टक्क्याच्या घरात आले. पुढे डॉ. प्रमोदिनी बावस्करांबरोबर त्यांनी प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस, म्हणजे अँटिव्हेनम, दिली तर काय होतं ते ७० रुग्णांत तपासलं, ते २०११ ला बीएमजे म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं, दोन्ही दिलेले लवकर बरे झाले. २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना. ती गोळी स्वस्त, तोंडाने द्यायची, यंत्र नको, आयसीयू नको, म्हणून ती वाडीवस्तीपर्यंत पोचली. सरकारी दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांनी आधी हाताला हात लावला हे वाचून मला कळलं की तो माणूस जाणकार आहे.

आणि बहिणीला सांगा सिस्टर रागावल्या ते बरोबरच केलं. प्राझोसिनने वाहिन्या सैल पडतात, त्यातून पोरगं घाम आणि उलटीने आधीच कोरडं झालेलं असतं, अशा वेळी उभं केलं किंवा उचलून मांडीवर घेतलं की रक्त खाली पायाकडे उतरतं आणि बीपी एकदम पडतं. आडवं ठेवायचं, पाजायचं. आईला हे आधी समजावून सांगितलं असतं तर रडली नसती, पण रात्री अकरा वाजता एक सिस्टर आणि वॉर्ड भरलेला असतो, त्यांची पण बाजू बघा. दर थोड्या वेळाने हातपाय का चाचपत होत्या? हात गरम झाले की अल्फाची पकड सुटली. इतकं स्वस्त आणि इतकं खरं मोजमाप दुसरं नाही.


सुपारीची_वाडी:

डॉक्टर, वाचताना अंगावर काटा आला, बहिणीला फोन करून हेच वाचून दाखवलं आत्ता. पण मग कंपाउंडरचं काय? तो म्हणतो गांधीलमाशी चावून माणूस मेला होता त्याच्या गावात आणि डॉक्टर म्हणाले अॅड्रेनलीन असतं तर वाचला असता. मग विंचवाला का नाही?


भूलवाला_डॉक्टर:

कंपाउंडर गांधीलमाशीचं बरोबर सांगतोय आणि विंचवाचं साफ चुकीचं, आणि ह्यासाठीच मी फॉर्म बदला म्हटलं.

गांधीलमाशी, मधमाशी, शेंगदाणा, पेनिसिलीनचं इंजेक्शन, ह्यातून जी भयंकर अॅलर्जी होते, अॅनाफिलॅक्सिस, तिच्यात गोष्ट बरोबर उलटी असते. वाहिन्या आवळत नाहीत, एकदम सैल सुटतात, बीपी कोसळतं, अंगावर गांधी उठतात, ओठ जीभ सुजते, श्वासनळी आवळते. तिथे अॅड्रेनलीन हेच औषध. अल्फातून वाहिन्या आवळतं, बीटातून हृदयाला जोर देतं आणि श्वासनळी उघडतं, तिन्ही कामं एक सुई करते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध, स्नायूत. गरज पडली तर पाच मिनिटांनी परत. आणि ते पहिलं द्यायचं, अॅव्हिल (अॅलर्जीचं नेहमीचं औषध) आणि स्टेरॉइड हे मागून, त्यांना काम करायला वेळ लागतो. सर्पदंशाची लस देताना सुद्धा आम्ही अॅड्रेनलीन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवतो कारण त्या लसीची अॅलर्जी येऊ शकते.

आता हेच इंजेक्शन लाल विंचवाच्या पोराला मारलं तर? जिथे आधीच पूर आलाय तिथे धरणाचे दरवाजे उघडल्यासारखं. म्हणून शाळेच्या फॉर्मवर 'विंचवाची अॅलर्जी' असेल आणि उद्या सहलीला काही झालं, तर एखादा भला डॉक्टर चांगल्या हेतूने अॅड्रेनलीनच देईल, फॉर्म वाचून. एका अक्षराच्या गोंधळाने. विंचवाच्या विषाची खरी अॅलर्जी आलेली माणसं असतात पण अगदी विरळा, तुमच्या भाच्याची सगळी लक्षणं विषाची आहेत.


जर्सीकर:

मी मूळ कराडची, आता न्यू जर्सीत, मुलीला शेंगदाण्याची अॅलर्जी. इथे कोणी अॅड्रेनलीन म्हणत नाही, सगळे एपिनेफ्रिन म्हणतात, आणि सुरुवातीला मला वाटायचं ही दोन वेगळी औषधं आहेत. भारतात आले तेव्हा एका दवाखान्यात मी एपिनेफ्रिन एपिनेफ्रिन करत होते आणि सिस्टर म्हणत होत्या ते आमच्याकडे नसतं, आणि समोर ट्रेमध्ये अॅड्रेनलीनचा अँप्युल पडलेला. त्या दिवशी गरज पडली नाही हे नशीब. एकाच औषधाला दोन नावं कशाला, कोणाला माहितीये?


औषधवाली:

ताई हे तुम्ही सांगितलंत ते फार महत्त्वाचं, प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं. दोन्ही एकच. 'एपि' म्हणजे वर आणि 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड, ग्रीकमध्ये तेच जे लॅटिनमध्ये अॅड्रेनल. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एबल म्हणून शास्त्रज्ञ होते, त्यांनी ग्रंथीतून काढलेल्या अर्काला एपिनेफ्रिन नाव दिलं, पण शुद्ध स्फटिक हातात आले ते जोकिची ताकामिने ह्या अमेरिकेत राहणाऱ्या जपानी रसायनतज्ज्ञाला आणि त्याचा मदतनीस उएनाकाला, १९०० ते १९०१ च्या सुमारास. ताकामिनेने नाव ठेवलं अॅड्रेनलिन आणि ते पार्क-डेव्हिस कंपनीचा ट्रेडमार्क झालं. मग अमेरिकेत इतरांना ते नाव वापरता येईना म्हणून तिथे एपिनेफ्रिन रूढ झालं, आणि ब्रिटनमध्ये अॅड्रेनलीन, आपण ब्रिटिशांच्या वळणाचे म्हणून आपल्या अँप्युलवर अॅड्रेनलीन. पण गंमत म्हणजे विशेषण मात्र अमेरिकन डॉक्टर पण अॅड्रेनर्जिकच वापरतात, एपिनेफ्रिनर्जिक कोणी म्हणत नाही, जीभच वळणार नाही.


जर्सीकर:

धन्यवाद हो! आता मुलीच्या डब्याच्या पिशवीत जी चिठ्ठी असते तिच्यावर दोन्ही नावं लिहिते, मराठीतून पण. गावी येताना एपिनेफ्रिन टोचायचे पेन दोन घेऊन येते मी नेहमी, एक माझ्या पर्समध्ये एक आईकडे, आणि आईला मांडीवर कसं टोचायचं ते रिकाम्या ट्रेनर पेनवर दर वेळी करायला लावते. आई ७१ वर्षांची आहे, पहिल्यांदा हात थरथरला, आता बरोब्बर दहापर्यंत मोजते.


घाटाखालचा_मास्तर:

महाड-पोलादपूर पट्ट्यात तीस वर्षं शिक्षक होतो, आता निवृत्त. विंचवाबद्दल इथल्या लोकांचं थोडं सांगतो कारण वर आईंनी जे म्हटलं काळी इंगळी असती तर घाबरायचं होतं, ते घरोघर म्हणतात आणि ते उलटं आहे. काळी मोठी इंगळी दिसायला भयानक, पुढच्या नांग्या जाड, चावली की कळ मस्तकात जाते, पण जीव सहसा घेत नाही. जीव घेतो तो हा तांबूस, लहान, पुढच्या बारीक नांग्यांचा. जांभ्याच्या मातीचाच रंग असल्यामुळे दिसतही नाही. लाकडाचा ढीग, गवताच्या पेंढ्या, कौलं उतरवून ठेवलेली, चिऱ्यांच्या गडग्याच्या फटी ह्या त्याच्या जागा. भातकापणीला पेंढा उचलताना बाया चावून घ्यायच्या, आणि पावसाआधी लाकडं भरताना, जसं तुमच्याकडे झालं.

दुसरं, आमच्या वेळी चावला की आधी विंचू उतरवणाऱ्याकडे न्यायचे. तो मंत्र टाकायचा, मूठभर राख फिरवायचा आणि तास-दीड तासात कळ उतरायची, लोक म्हणायचे उतरला. एक मुलगी होती माझ्या चौथीच्या वर्गात, वेणीला कायम लाल रिबीन. उतरला म्हणून घरी आणली, हसली पण म्हणे आईकडे बघून, आणि पहाटे गेली. तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की कळ उतरणं म्हणजे विष उतरणं नव्हे. डॉक्टरसाहेब, बरोबर आहे ना हे? मी पुढे दर वर्षी एप्रिलमध्ये परीक्षेनंतर वर्गात हेच सांगायचो, कळ थांबली तरी हात गार आणि घाम असेल तर चाला दवाखान्यात, देवऋषी नाही बघत हात गार आहे का ते.


भूलवाला_डॉक्टर:

मास्तर, अगदी बरोबर आहे आणि तुम्ही एप्रिलमध्ये वर्गात सांगितलेल्या त्या एका वाक्याने किती मुलं वाचली असतील ह्याची गणती नाही. उलट अनुभव असाही आहे की ज्यांना जागेवर प्रचंड कळ असते आणि बाकी काही नाही, ते बहुतेक वेळा सुखरूप राहतात, त्यांना जागेवर बधिरतेचं इंजेक्शन दिलं की पुरतं. ज्याची कळ थोडी आणि घाम, उलट्या, गारठा फार, तो धोक्यात. सुपारीची_वाडी, त्या खाजगी दवाखान्यात कळ कमी आहे म्हणून घरी पाठवलं असणार, तिथे चूक झाली. घरी पाठवायच्या आधी काही तास नुसतं बसवून बघायला हवं होतं.


पायवाट७७:

मधेच विचारतो, राग मानू नका. माझ्या आईला बीपीसाठी प्राझोसिनच आहे, एक्सएल लिहिलंय, आणि मला मेटोप्रोलॉल. आम्ही आंबोलीच्या बाजूला राहतो, दवाखाना लांब. विंचू चावला तर घरातली गोळी द्यायची का? अल्फा-बीटा दोन्ही आहेत आमच्याकडे.


औषधवाली:

दादा नको! एक्सएल म्हणजे औषध चोवीस तासांत हळूहळू सोडणारी गोळी, विंचवाला साधी प्राझोसिन लागते आणि तीही वजनावर मोजून. एक्सएल तोडली किंवा कुटली तर चोवीस तासांचा डोस एकदम सुटतो, लहान मुलाला तर कल्पनाच करवत नाही.


भूलवाला_डॉक्टर:

आणि मेटोप्रोलॉल तर मुळीच नको. लोकांना वाटतं हृदय धावतंय तर हृदयाचं बीटा बंद करू. पण बीटा बंद केलं आणि अल्फा तसंच आवळलेलं राहिलं तर दमलेल्या हृदयाचा जोरही गेला आणि समोरची नळी पण बंद. अॅड्रेनर्जिक शब्द वाचून कोणतीही अॅड्रेनर्जिक गोळी चालते असं नाही, कुठलं कुलूप आणि उघडायचं का बंद करायचं हे बघावं लागतं.

घर लांब आहे तर करायचं एवढंच, चावल्याची वेळ लक्षात ठेवा, आडवं ठेवा, उलटी थांबली की घोट घोट ओआरएस, आवळून बांधू नका, चिरा मारू नका, आणि निघा. निघायच्या आधी आरोग्य केंद्राला फोन करून विचारा प्राझोसिन आहे का. १०८ ची गाडी मिळाली तर उत्तमच. पावसाळ्याआधी एकदा जाऊन सहज चौकशी करून ठेवली तर चावल्यावर शोधाशोध करावी लागत नाही.


वांगणीची_सुमती:

विंचू नाही पण ह्याच शब्दावरून माझा एक प्रश्न आहे. दात काढताना डॉक्टरने इंजेक्शन दिलं आणि दोन मिनिटांत छाती धडधडायला लागली, हात कापायला लागले, मला वाटलं संपलं. पाच-सात मिनिटांत आपोआप गेलं. तेव्हापासून मी सगळीकडे सांगते मला बधिरतेच्या इंजेक्शनची अॅलर्जी आहे. हे पण अॅड्रेनर्जिकच असेल का?


भूलवाला_डॉक्टर:

ताई, बहुतेक हो. दातांच्या बधिरतेच्या औषधात अॅड्रेनलीन मिसळलेलं असतं, आपल्याकडे जास्त करून ८०,००० भागात १ भाग. का, तर ते हिरडीच्या वाहिन्या आवळतं, त्यामुळे रक्त कमी जातं आणि बधिरता जास्त वेळ टिकते. त्यातलं थोडं रक्तात गेलं की धडधड, थरथर, घाबरल्यासारखं होतं, काही मिनिटांत ओसरतं. अंगावर पुरळ, ओठ सूज, श्वासाला त्रास ह्यातलं काही झालं होतं का? नसेल तर हे अॅलर्जीचं चित्र नाही. पण नुसतं इथे वाचून 'अॅलर्जी नाही' असं ठरवू नका, एकदा दंतवैद्याला किंवा भूलतज्ज्ञाला त्या दिवशीचं सगळं सांगा. कारण अॅलर्जी म्हणून कागदावर लागलं की पुढे प्रत्येक वेळी साधं, सुरक्षित औषध तुम्हाला नाकारलं जातं. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर ती पण सांगा.


वांगणीची_सुमती:

पुरळ बिरळ काही नव्हतं. अकरा वर्षं सांगत होते मी अॅलर्जी आहे म्हणून, आणि त्याच्यामुळे एक दाढ बधिर न करता काढून घेतली. उद्याच जाते विचारायला.


सुपारीची_वाडी:

मंडळी, तीन दिवसांनी लिहितोय. पोराचा इको करून घेतला, हृदय एकदम व्यवस्थित आहे. शाळेत मी स्वतः गेलो, अॅलर्जीच्या रकान्यातलं खोडायला लावलं, मुख्याध्यापिका बाईंनी समोरच सही केली, आणि 'पूर्वीचे आजार' मध्ये लिहिलं, 'मे महिन्यात लाल विंचवाचा दंश, प्राझोसिनने उपचार, अॅलर्जी नाही, विंचूदंशाला अॅड्रेनलीन देऊ नये'. शेवटचं वाक्य डॉक्टरांना फोन करून विचारून घातलं, ते म्हणाले असूद्या, पण गांधीलमाशीला किंवा दुसऱ्या कशाची अॅलर्जी आली तर त्याला अॅड्रेनलीन नक्की द्यायचं हे पण लिहा, नाहीतर उद्या तिथे कोणी घाबरून थांबेल. ते पण लिहिलं, रकाना पुरला नाही, मागच्या बाजूला लिहिलं. भावोजी आधी जरा नाराज होते पण मास्तरांनी लिहिलेलं त्या मुलीचं वाचलं तेव्हा गप्प झाले आणि फॉर्मची झेरॉक्स त्यांनीच काढून आणली.

बाबांचं मोतीबिंदूचं दिवाळीनंतर ठरलंय, औषधवाली ताई, टॅम्सुलोसिनचं त्यांच्या फाइलवर पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. आणि गावी आईने लाकडाचा ढीग पडवीतून हलवून लांब मांगराशेजारी नेलाय, लाकडं आणायला आता काठी आणि जाड हातमोजे दाराशी टांगून ठेवलेत. भाच्याने रविवारी फोनवर आजीला सांगितलं, आजी तांबडा दिसला तर लहान म्हणू नको हां.